दोन मार्कांचा इतिहास

बायोइन्फर्मॅटिक्सच्या एम.एस्सी.ला पहिल्या सेमिस्टरमध्ये इतिहास साधारण एका तासात उरकला जातो. १९६५ : डेहॉफ यांचा अ‍ॅटलास. १९७० : नीडलमन आणि वुन्श. १९८२ : जेनबँक. १९९० : ब्लास्ट. २००३ : मानवी जनुकसंच पूर्ण. वहीत पाच ओळी, परीक्षेत दोन मार्कांची टीप. मग लॅबमध्ये गेलं की पहिलं प्रॅक्टिकल. एका प्रथिनाचा क्रम डेटाबेसमधून उचलायचा, ब्लास्टच्या चौकोनात चिकटवायचा, बटण दाबायचं. थोडा वेळ चक्र फिरतं आणि स्क्रीनवर यादी येते: तुमच्या प्रथिनाशी साम्य असलेली उंदराची, कोंबडीची, माशाची, बुरशीची प्रथिनं.

यात एक गोष्ट इतकी सहज घडते की तिच्याकडे लक्षच जात नाही. कुणी पासवर्ड विचारत नाही. कुणी पैसे मागत नाही. बोस्टनमधल्या विद्यार्थ्याला जी माहिती दिसते, तीच लातूरच्या मुलीला तिच्या फोनवर दिसते. हे असंच असायला हवं होतं असं काही नव्हतं. तसं ते व्हावं की नाही यावर एकदा चांगलीच झुंज झाली, आणि ज्या बाईंनी हे शास्त्र उभं केलं त्याच त्या झुंजीत हरल्या. दोन मार्कांच्या टिपेत हे येत नाही.

फाटलेलं पत्र

सुरुवात इन्सुलिनपासून करू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे, पण माळेत ते कोणत्या क्रमाने ओवलेत हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकाही प्रथिनाबद्दल ठाऊक नव्हतं. मुळात ठरलेला क्रम असतो का, याबद्दलही शंका होती. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी सुमारे दहा वर्षं खपून १९५५पर्यंत इन्सुलिनचा पूर्ण क्रम लावला. मणी किती? ५१. त्याबद्दल त्यांना १९५८चं नोबेल मिळालं.

पद्धत अशी होती. एकाच पत्राच्या पुष्कळ प्रती घ्यायच्या आणि प्रत्येक प्रत वेगवेगळ्या ठिकाणी फाडायची. मग तुकडे वाचून कोणता शब्द कुठल्या दोन तुकड्यांत सामाईक आहे ते शोधायचं आणि मूळ मजकूर जुळवायचा. तुकडे मिळवणं हे रसायनशास्त्राचं काम. पण जुळवणं? ते तर निव्वळ तर्काचं काम आहे, आणि कंटाळवाणं.

हे ओळखणाऱ्यांत मार्गारेट ओकली डेहॉफ होत्या. जन्म १९२५, फिलाडेल्फिया. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी क्वांटम रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली. रेणूंची ऊर्जा काढायची किचकट गणितं त्यांनी कार्यालयीन हिशेबासाठी बनवलेल्या पंचकार्डांच्या यंत्रांवर सोडवली होती. लग्नानंतर, दोन मुली लहान असताना, काही वर्षं त्यांचं काम थांबलं. १९६०मध्ये त्या वॉशिंग्टनजवळच्या नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन या छोट्या संस्थेत रुजू झाल्या. तिचे संस्थापक रॉबर्ट लेडली मुळात दंतवैद्यक शिकलेले, पुढे भौतिकशास्त्र आणि संगणकाकडे वळलेले. दोघांनी मिळून १९६२मध्ये ‘कॉमप्रोटीन’ नावाचा प्रोग्रॅम मांडला. तो फोरट्रान भाषेत लिहिलेला होता आणि खोलीभर पसरलेल्या आयबीएम ७०९० यंत्रावर चालत होता. माणसाला ज्या जुळवणीला महिने लागत, ती तो काही मिनिटांत करू शकत होता.

आज एम.एस्सी.त सीक्वेन्स असेंब्ली नावाचं जे प्रकरण असतं, त्याचं मूळ हे. त्या वेळी या कामाला नावही नव्हतं. ‘बायोइन्फर्मॅटिका’ हा शब्द पाउलिन होखेवेख आणि बेन हेस्पर या डच जोडीने १९७०मध्ये योजला, आणि तोही वेगळ्याच अर्थाने: सजीवांमध्ये माहितीची देवाणघेवाण कशी चालते याचा अभ्यास.

पासष्ट प्रथिनांचं पुस्तक

१९६५मध्ये डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅटलास ऑफ प्रोटीन सीक्वेन्स अँड स्ट्रक्चर’ प्रसिद्ध केला. जगात तोवर ज्यांचे क्रम प्रसिद्ध झाले होते ती प्रथिनं एका पुस्तकात. संख्या ६५.

पासष्ट नोंदी म्हणजे काही फार नाही असं वाटेल. पण त्या वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेल्या होत्या. लिहिण्याच्या पद्धती वेगळ्या, छपाईच्या चुका वेगळ्या. कुणीतरी त्या वाचायच्या, कार्डावर उतरवायच्या, चुका शोधायच्या, मूळ संशोधकांना पत्र घालून विचारायचं. शिवाय प्रत्येक अमिनो आम्लाचं नाव तेव्हा तीन अक्षरांत लिहीत. त्याने कार्डावरची जागाही खाल्ली जाई आणि यंत्राचा वेळही. डेहॉफ यांनी प्रत्येकाला एकच अक्षर दिलं. वीसपैकी काहींना नावातलं पहिलं अक्षर मिळालं, उरलेल्यांसाठी युक्त्या कराव्या लागल्या. फिनाइलअ‍ॅलनीनला उच्चारावरून ‘एफ’. ट्रिप्टोफॅनच्या अंगावर दोन कड्यांचा जाडजूड भाग, म्हणून त्याला ‘डब्ल्यू’ हे रुंद अक्षर. परीक्षेच्या आदल्या रात्री आजही जी वीस अक्षरं घोकली जातात ती ही.

क्रम शेजारी शेजारी ठेवले की काय होतं? इन्सुलिनच घ्या. माणसाचं आणि डुकराचं इन्सुलिन यांत एका मण्याचा फरक आहे, माणसाच्या आणि गायीच्या इन्सुलिनमध्ये तीन मण्यांचा. म्हणून तर कित्येक दशकं मधुमेही माणसं डुकराच्या इन्सुलिनवर जगू शकली. फरक मोजता आले की नातीही मोजता येतात: कोण कुणाच्या जवळचं, कोण आधी वेगळं झालं. १९६६मध्ये रिचर्ड एक आणि डेहॉफ यांनी फेरेडॉक्सिन या छोट्या प्रथिनाच्या क्रमात पुनरावृत्तीच्या खुणा दाखवल्या. एक अगदी लहान तुकडा पुन्हा पुन्हा जोडला जाऊन आजचं प्रथिन झालं असावं, असं त्यांनी मांडलं. म्हणजे जीवाश्म न खणता, नुसत्या अक्षरांच्या रांगेतून अतिप्राचीन काळाकडे पाहता येत होतं. पुढे १९७८मध्ये त्यांच्या गटाने कोणतं अमिनो आम्ल कोणत्या जागी किती वेळा बदललेलं दिसतं याची मोजदाद करून ‘पॅम’ कोष्टकं बनवली. प्रॅक्टिकलमध्ये ‘मॅट्रिक्स निवडा’ असा जो पर्याय येतो, त्यातलं पॅम ते हेच.

तरीही प्रश्न उरलाच: हे संशोधन म्हणायचं का? १९६९मध्ये अमेरिकेतल्या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेचं सदस्यत्व मिळेल का, अशी चौकशी डेहॉफ यांनी केली. जॉन एडसॉल या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी सौम्य शब्दांत कळवलं, की निवड उमेदवाराच्या स्वतःच्या संशोधनावर होते आणि अ‍ॅटलासचं संकलन त्या साच्यात बसत नाही. दुसऱ्यांनी प्रयोगशाळेत मिळवलेली माहिती गोळा करणं म्हणजे कारकुनी, अशी ती समजूत होती. बायोइन्फर्मॅटिक्स शिकणाऱ्या मुलांना आजही दोन्हीकडून ऐकावं लागतं. जीवशास्त्रवाले म्हणतात, ‘तू काय, कॉम्प्युटरवाला.’ कॉम्प्युटरवाले म्हणतात, ‘तू काय, बायोलॉजीवाली.’ हे ऐकणाऱ्यांत डेहॉफ फार आधीच्या.

बॉम्बच्या गावात उघडलेलं दार

१९७७मध्ये चित्र पालटलं. सँगर यांनीच डीएनएची अक्षरं वाचायची वेगवान पद्धत काढली आणि त्याच वर्षी एका छोट्या विषाणूचा पाच हजारांहून अधिक अक्षरांचा जनुकसंच वाचून दाखवला. आता क्रमांचा पूर येणार हे दिसत होतं. तो साठवायचा कुठे? युरोपात हायडेलबर्गला काम सुरू झालं. अमेरिकेत सरकारी आरोग्य संस्थेने राष्ट्रीय डेटाबँकेचं कंत्राट द्यायचं ठरवलं.

प्रमुख दावेदार दोन. एकीकडे डेहॉफ, पंधरा-सोळा वर्षांच्या अनुभवासह. १९८०मध्ये त्यांनी आपला डीएनए-संग्रह टेलिफोनच्या तारेवरून संगणकांना उपलब्धही करून दिला होता. दुसरीकडे वॉल्टर गोड, न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसचे भौतिकशास्त्रज्ञ. लॉस अलामोस म्हणजे अणुबॉम्बचं जन्मगाव. गोड स्वतः पूर्वी हायड्रोजन बॉम्बच्या कामावर होते.

फरक पडला तो मालकीवर. अ‍ॅटलास विकला जाई, त्याच्या फितीही विकल्या जात, आणि घेणाऱ्याने त्या पुढे वाटू नयेत अशी अट असे. डेहॉफ यांची बाजूही समजण्यासारखी आहे. संस्था छोटी, अनुदान बेभरवशाचं, विक्रीतूनच पुढची आवृत्ती निघणार. शिवाय निवडणं, तपासणं, दुरुस्त करणं ही त्यांच्या गटाची वर्षानुवर्षांची मेहनत होती. पण ज्या संशोधकांनी आपले क्रम त्यांना फुकट पाठवले होते, त्यांना तेच क्रम परत विकत घ्यावे लागणं खुपू लागलं. गोड यांनी सांगितलं, आम्ही मालकी सांगणार नाही. ज्याला हवं त्याने घ्यावं, वाटावं.

१९८२मध्ये कंत्राट लॉस अलामोसला, एका भागीदार कंपनीच्या जोडीने, मिळालं. ही जेनबँक. त्या वर्षी डिसेंबरच्या आवृत्तीत ६०६ क्रम होते. गुप्ततेसाठी जगात नाव कमावलेल्या गावातून जीवशास्त्रातलं सर्वांत मोकळं दार उघडलं. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने डेहॉफ गेल्या. वय ५७.

त्यांच्या कामाचा वारसा मात्र वाया गेला नाही. त्यांच्या संस्थेचा प्रथिनसंग्रह पुढे युरोपातल्या संग्रहांबरोबर एकत्र येऊन २००२मध्ये ‘युनिप्रॉट’ झाला, आणि तो सर्वांना खुला आहे.

त्याच १९८३मध्ये या सगळ्याचा उपयोग काय, याचं उत्तरही मिळालं. कॅलिफोर्नियातले रसेल डूलिटल नियतकालिकांतून क्रम उतरवून स्वतःचा संग्रह बाळगून होते. माकडात कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूचं जनुक आणि जखम भरताना पेशींना वाढायला सांगणारं आपल्याच रक्तातलं एक प्रथिन, या दोन क्रमांत त्यांना विलक्षण साम्य दिसलं. इंग्लंडमधल्या एका गटालाही जवळपास त्याच वेळी तेच सापडलं. कर्करोग म्हणजे बाहेरून आलेलं काही परकं नव्हे, वाढीचं आपलंच बटण दाबलेलं राहणं, या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. दोन क्रम दोन वेगळ्या प्रयोगशाळांत निघाले होते. शोध लागला तो त्यांना शेजारी ठेवल्यामुळे. संकलन म्हणजे कारकुनी, या म्हणण्याला याहून चांगलं उत्तर नव्हतं.

१९७०मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी दोन क्रम उत्तम रीतीने जुळवायची पद्धत दिली होती. १९८१मध्ये स्मिथ आणि वॉटरमन यांनी क्रमांचे सर्वाधिक जुळणारे भाग शोधायची रीत दिली. पण संग्रह फुगला तसा त्यांना वेळ लागू लागला. १९९०मध्ये आलेल्या ब्लास्टने सगळं तपासायचा हट्ट सोडला. आधी छोटे जुळणारे तुकडे हेरायचे आणि तेवढ्यांच्याच आजूबाजूला पाहायचं. क्वचित काही निसटेल, पण उत्तर लगेच मिळेल.

मद्रास, बेंगळुरू, पुणे

भारत या गोष्टीत नंतर शिरला असं नाही. अ‍ॅटलासच्या दोन वर्षं आधी, १९६३मध्ये, मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी प्रथिनाच्या माळेतला सांधा कोणकोणत्या कोनांत वळू शकतो याचं गणित मांडलं. अणू एकमेकांत घुसू शकत नाहीत, एवढ्या साध्या अटीवरून बहुतेक कोन बाद होतात. उरलेल्यांचा नकाशा म्हणजे रामचंद्रन प्लॉट. जगात कुठेही नवी प्रथिनरचना मांडली की ती या नकाशावर तपासतात. प्रश्न जीवशास्त्राचा आणि उत्तर आकडेमोडीतून, ही रीत आपल्याकडे खर्चिक यंत्रांशिवाय रुजली होती.

रामचंद्रन पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तिथे १९७३मध्ये त्यांच्याबरोबर ज्यांनी शोधनिबंध लिहिले त्यांत अशोक कोळसकर हे नाव आहे. १९८६मध्ये केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग सुरू झाला आणि लगेच, १९८७च्या सुमारास, त्याने देशभर जैवमाहितीची केंद्रं जोडायला घेतली. त्यातलं एक पुणे विद्यापीठात आलं. त्याची धुरा कोळसकरांकडे होती. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था होती. या केंद्राने प्राण्यांच्या विषाणूंचा डेटाबेस हाती घेतला. सामान्य भारतीयाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला. हे काम त्याच्या आठ वर्षं आधी सुरू झालं होतं.

१९९०मध्ये, म्हणजे ब्लास्टच्याच वर्षी, कोळसकर आणि प्रसाद टोणगावकर यांनी पुण्याहून तीन पानी निबंध प्रसिद्ध केला. प्रथिनाचा नुसता क्रम पाहून, त्यातल्या कोणत्या तुकड्याला प्रतिपिंड पकडतील याचा अंदाज बांधायची ती पद्धत होती. आधीच्या प्रयोगांतून जगभर सिद्ध झालेले तुकडे त्यांनी एकत्र केले, त्यांत कोणती अमिनो आम्लं जास्त वेळा येतात ते मोजलं आणि त्यावर सूत्र बसवलं. अचूकता सुमारे ७५ टक्के. म्हणजे हुकमी नाही, पण लस शोधणाऱ्याला शंभर तुकड्यांऐवजी थोडेच तपासायला सांगणारी. ही पद्धत पुढे आंतरराष्ट्रीय वेबसाइटवरच्या साधनांत गेली. २०२०मध्ये करोनाच्या प्रथिनांचे तुकडे चाळणाऱ्या जगभरच्या कितीतरी निबंधांत ‘कोळसकर-टोणगावकर’ ही मराठी आडनावं दिसत होती. ती नीट उच्चारता न येणाऱ्या देशांतही.

हे डेहॉफ यांच्याच जातीचं काम आहे. नवा प्रयोग नाही, महागडं यंत्र नाही. दुसऱ्यांच्या निकालांकडे एकत्र पाहिलं, मोजलं. पण त्यासाठी ते निकाल हाती यावे लागतात. जिथे पैसा तुटपुंजा आहे तिथल्या विद्यार्थ्याला खुल्या माहितीची किंमत जास्त कळते ती यासाठी. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मॅटिक्सची एम.एस्सी. २००२मध्ये सुरू झाली. मुलांना शिकवायला लागणारा मुख्य माल, म्हणजे लाखो क्रम, तेव्हा मोफत मिळत होता.

विद्यार्थ्यांचे शंभर संगणक

तो मोफत राहील याची मात्र खात्री नव्हती. मानवी जनुकसंच प्रकल्प १९९०मध्ये सुरू झाला. १९९६मध्ये बर्म्युडा बेटावर त्यातल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की वाचलेला क्रम चोवीस तासांच्या आत जगासमोर ठेवायचा. दोन वर्षांनी सेलेरा ही खासगी कंपनी मैदानात उतरली. तिचा बेत माहितीची वर्गणी लावण्याचा होता. अ‍ॅटलासचाच वाद, फक्त दाव पुष्कळ मोठा.

२०००च्या वसंतात सरकारी प्रकल्पाकडे सुमारे चार लाख तुकडे होते आणि ते जोडणारा प्रोग्रॅम नव्हता. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जिम केंट हा विद्यार्थी होता. आधी अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअरं लिहायचा, मग चाळिशीच्या आसपास जीवशास्त्रात पीएच.डी. करायला आलेला. त्याने चार आठवडे बसून प्रोग्रॅम लिहिला. टायपिंगने मनगटं इतकी दुखत की रात्री ती बर्फाने शेकायची. विद्यापीठाने वर्गात शिकवण्यासाठी घेतलेले शंभर संगणक त्याला वापरायला मिळाले. २२ जून २०००ला त्याची जोडणी पूर्ण झाली. चारच दिवसांनी व्हाइट हाउसमध्ये दोन्ही बाजूंच्या आराखड्यांची एकत्र घोषणा झाली. ७ जुलैला केंटची जोडणी इंटरनेटवर ठेवली गेली, कुणीही उतरवून घ्यावी अशी. फाटलेलं पत्र जुळवायचं तेच जुनं काम. फक्त पत्र तीन अब्ज अक्षरांचं.

आता तुमची पाळी

इथे गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल. खुलेपणाचीही एक बाजू असते. २००७मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं. आमच्या नमुन्यांवरून लस बनते आणि आम्हालाच परवडत नाही, ही तक्रार होती. त्यानंतर २००८मध्ये उभ्या राहिलेल्या ‘जीआयएसएआयडी’ या संग्रहात माहिती मिळते, पण नाव नोंदवून, अटी मान्य करून आणि देणाऱ्याचं श्रेय राखून. २०२०मध्ये जगभरच्या देशांनी करोनाचे क्रम मोठ्या प्रमाणावर तिथेच ठेवले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वाचलेले भारतातले सुरुवातीचे क्रमही त्यांत होते. देणाऱ्याचा हक्क कुठवर, हा डेहॉफ यांना भोवलेला प्रश्न वेगळ्या वेशात परतला होता.

माणसाच्या जनुकसंचाबाबत तर तो आणखी नाजूक आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजारांवर भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५मध्ये ते फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना उपलब्ध झाले, पण अर्ज करून, परवानगीने. बुरशीचं प्रथिन जगासमोर टाकणं वेगळं आणि कुणाच्या घराण्यातल्या आजाराची शक्यता उघड करणं वेगळं. रक्ताचा नमुना देणाऱ्या माणसाला यातलं किती सांगितलं, त्याला काय परत मिळणार, हे प्रश्न पायथॉनच्या तासाला येत नाहीत. पण अशा माहितीवर हात चालवणार ती एम.एस्सी. करून बाहेर पडलेली मुलंच.

म्हणून पहिल्या प्रॅक्टिकलला एक छोटी गोष्ट करून पाहा. क्रम चिकटवण्याआधी त्याच्या नोंदीचं पान नीट वाचा. सगळ्यात वर एक क्रमांक असतो, मग कोणत्या जीवाचा, मग कुणी, कुठून, कोणत्या साली जमा केला ते. आपण सहसा ते सरकवून थेट खाली अक्षरांकडे जातो. त्या नावांतल्या प्रत्येकाने कधीतरी काहीतरी मिळवलं आणि अनोळखी माणसाला वापरायला ठेवून दिलं. पुढच्या वर्षी तुमच्या प्रोजेक्टचा डेटा तयार होईल, तेव्हा तिथे तुमचं नाव लागायचं की फाइल तुमच्या हार्ड डिस्कवरच पडून राहायची, हे तुम्ही ठरवणार आहात.